नव्या कॅसेटची झील

हिंगणीच्या मारोतीच्या देवळासमोर भोंगा लागला आणि रूपरावांची नवी कॅसेट सुरू झाली. खंजिरीच्या भजनाला गिटार आणि ड्रम जोडणारी त्यांची पार्टी. पहिल्या कॅसेटमधल्या हळदीच्या गाण्याने तिचं जिल्हाभर नाव झालं होतं. गिरडपर्यंत कुठल्याही मांडवात तेच वाजायचं. पुढे ढोलकीवाला डोमाजी वारला. रूपरावांनी सुपाऱ्या घेणं सोडलं, दार लावून घेतलं आणि सगळ्या चाली नव्याने बांधल्या.

त्यात एक गाणं डोमाजीवर होतं. त्याच्या बायकोला, कौशल्याबाईंना, ते ऐकायला या म्हणून रूपराव स्वतः घरी जाऊन सांगून आले होते. त्या अगदी पुढे बसल्या होत्या.

पहिलं गाणं लागलं आणि बायकांनी लगेच झील धरली. भजनी बुवाची ओळ बायकांनी उचलायची, ही गावची रीतच. पण ती ऐकलेल्या गाण्याला! हे तर आजवर कोणाच्या कानावरच पडलं नव्हतं. तरी चाल कुठे वळणार, कुठे थांबणार, म्हाताऱ्या आनंदाबाईंना सगळं आधीच ठाऊक. रूपरावांनी त्यांना विचारलं, "काकू, हे तुमाले कसं येते?"

"काऊन नाई येणार? मागच्याच टेपातली चाल होय. शब्द तेवढे बदलवले तुनं."

म्हातारी थट्टा करते आहे, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या गाण्यालाही तेच झालं. गिटारवाला भैय्याजी खाली मान घालून उगाच वायरी तपासू लागला.

मग डोमाजीचं गाणं लागलं आणि रूपरावांच्या ध्यानात आलं. ही तर हळदीची चाल. रडत रडत बांधली होती, म्हणून जरा संथ, एवढंच. आपल्याला हे कळलं कसं नाही? बायकांनी तो संथपणाही ठेवला नाही. त्यांनी लय वाढवली, टाळ्या धरल्या आणि जुन्या गाण्याचेच शब्द म्हणायला घेतले. भोंग्यातला डोमाजी त्या कल्लोळात कोणाला ऐकूच येईना.

कौशल्याबाई रूपरावांकडे वळल्या. त्याही टाळी वाजवत होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यायचं गाणं लागलं म्हणजे मले सांगजा."