सवतीची तब्येत

प्रयोगशाळेतल्या उंदरांना खाऊपिऊ घालणं, हे त्याचं काम. कॅन्सरचं औषध चरबीच्या इवल्याशा फुग्यांत भरून थेट गाठीपर्यंत पोचवायचं, असा तिथला प्रयोग होता. एका उंदरिणीच्या छातीत नेमकी त्याच्या बायकोसारखी गाठ होती, म्हणून बायको तिला सवत म्हणायची.

"काय म्हणतेय माझी सवत?" तो घरात शिरला की पहिला प्रश्न हाच.

"तुझ्यापेक्षा बरं जेवते."

"जेवेलच. तिला नवरा हातानं भरवतो!"

तेच औषध आता माणसांनाही देऊन बघायचं ठरलं होतं. डॉक्टर, भाऊ, नणंद सगळे त्यात नाव घाल म्हणून सांगून थकले, पण बायको हटून बसली होती. "आधी सवतीला गुण येऊ दे, मग बघू."

गुण आला. गाठ विरघळली, सवत पिंजऱ्यात उड्या मारू लागली. तो धावत संशोधक मॅडमना सांगायला गेला. मॅडमही खूश झाल्या.

"छानच! आता तिला कापायला घ्या. औषध गाठीतच थांबलं की लिव्हरमध्येही शिरलं, हे आत बघितल्याशिवाय कसं कळणार?"

घरी निघताना त्याने पुन्हा पुन्हा हात धुतले. बायको दारातच उभी होती.

"काय म्हणतेय सवत?"

"गाठ गेली. अगदी पूर्ण." इथपर्यंत खरं होतं. "आज सुट्टी दिली तिला."

बायकोने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.



"अहो, मग माझंही नाव घाला. तिचं झालं ना, अगदी तस्संच माझं होऊ दे."