ओळख पटवताना

मोबाईल बसमध्येच मारला गेला, हे त्याला दुकान उघडल्यावर कळलं. मोबाईलला लॉक नव्हतं. रोज उठून कोण आकडे दाबत बसणार, हा त्याचा जुना कंटाळा. आणि आत चारशेहून जास्त म्हाताऱ्या माणसांचे नंबर, पत्ते, घरात एकटं कोण राहतं याच्या नोंदी. कानाची मशिनं बसवणाऱ्याला एवढं सगळं लिहून ठेवावंच लागतं. चोरानं एकेकाला फोन लावायचं मनावर घेतलं, की संपलंच.

त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवरून मोबाईलला जोडलेलं खातं बंद करायला घेतलं. ‘ओळख पटवा. दुसऱ्या नंबरवर कोड पाठवला आहे. मुदत दहा मिनिटं.’ दुसरा नंबर आईचा होता.

दुकानाच्या फोनवर रिसेप्शनिस्ट सिमकार्ड बंद करा म्हणून कंपनीशी हुज्जत घालत होती. तिचा मोबाईल घेऊन त्यानं आईला फोन लावला. तोंडपाठ असलेला तेवढा एकच नंबर.

“आई, मी बोलतोय. मोबाईल चोरीला गेलाय. तुला आत्ता मेसेज आला असेल, त्यातले सहा आकडे सांग.”

“नंबर तर तुझा नाही.”

“दुसऱ्याचा आहे. सांग लवकर.”

“माझ्या मुलानं बजावलंय, खात्री झाल्याशिवाय कोड कुणाला द्यायचा नाही. आवाज त्याचा असला तरी. घरच्याच माणसाला माहीत असेल असं काहीतरी विचारायचं.” आई जराही घाबरलेली नव्हती. “मागच्या महिन्यात माझ्या कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं?”

शिकवण त्याचीच होती.

“उजव्या,” तो अंदाजानं म्हणाला.

“बरं. सोबत कोण होतं?”

“ताई.”

“ताई तेव्हा परगावी होती,” म्हणून आईनं फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना.

त्याला आईचा राग आला. मग ऑपरेशनच्या दिवशी आपण काय करत होतो, ते आठवून बघितलं. काही विशेष नाही. दुकानाला सुट्टी होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

रिसेप्शनिस्टनं फोन ठेवला, तोच तो वाजला. “तुमच्या आई,” तिनं रिसीव्हर पुढे केला.

“तूच आहेस ना रे? दुकानाचा नंबर वहीत होता म्हणून बरं. आत्ता एका भामट्याचा फोन आला होता. हुबेहूब तुझा आवाज. पण मी कसली फसतेय! मेल्याला माझ्या डोळ्याचंसुद्धा माहीत नव्हतं.” आई हसली. इतकी खुशीत ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती.

शाबास म्हणावं आणि ठेवून द्यावं, असं त्याला फार वाटलं. स्क्रीनवर तीन मिनिटं उरली होती. दाराशी काठी टेकत एक आजोबा आत येत होते.

“आई, तो मीच होतो.”

पलीकडे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. आईनं सहाही आकडे वाचले. एकेक, सावकाश, स्पष्ट.

“घेतलंत का लिहून?” तिनं विचारलं.