कोरी वाळू

पहाटे पाच चाळीसला सुवैलिमला वाळूत एका बाईची पावलं दिसली. वाळवंटातल्या पाहुण्यांच्या तंबूंपासून निघून उत्तरेला गेलेली. परत आलेली नव्हती.

तो वाकला. पावलं तासाभरापूर्वीची होती. उजव्या हातात काठी, तिचं टोक खोल रुतलेलं. डावा पाय जपून टाकलेला. तेवढ्यावरून त्याने ओळखलं. ही यानेके, साठीची डच मास्तरीण. काल संध्याकाळी तिने त्याला कोल्ह्याचा माग दाखवायला लावला होता. मग विचारलं होतं, "तुम्ही हे सगळं रोज पुसता कशाला?" तो नुसता हसला होता.

त्याचं काम तेच होतं. रोज पहाटे खजुरीच्या फांदीने तंबूंभोवतीची वाळू झाडायची, मागे मागे सरकत, म्हणजे स्वतःचीही पावलं उरत नाहीत. साप चावून करंगळी गेलेला त्याचा उजवा पाय साऱ्या दरीत ओळखीचा, पण चार वर्षांत त्याचा ठसा वाळूत कुणी पाहिला नव्हता. पुढचे चार किलोमीटर ओदेहची गाडी साफ करायची, मागे जुना गालिचा बांधून, थेट खडकांपर्यंत. साडेसहाला जाहिरातीसाठी दरीचं चित्रण करणारा ड्रोन उडे. जिथे माणसाचं पाऊल पडलं नाही अशी दरी, म्हणून पाहुणे इथे येत. सुवैलिमच्या सात पिढ्या याच दरीत शेळ्या राखत आल्या होत्या.

ओदेह त्याचा चुलतभाऊ. तो रोज टोमणा मारी, "तुझ्या बापाने चोरीचा उंट पावलावरून शोधून काढला. आणि तू? झाडूवाला झालास!"

सुवैलिम व्यवस्थापकाकडे गेला. अम्मानचा हैथम कॉफी पीत फोन बघत होता.

"उस्ताद, एक पाहुणी बाहेर गेली आहे. परतलेली नाही. पावलं आहेत."

"झोपली असेल. आठच्या आधी कुणाच्या तंबूला हात लावायचा नाही."

"मी वाळू वाचून सांगतोय."

हैथमने मान वर केली. "वाळू वाचायचा पगार मी देत नाही, सुवैलिम. पुसायचा देतो. चल, उशीर होतोय."

सुवैलिमने झाडलं. झाडताना प्रत्येक पाऊल नीट पाहून घेतलं, पण झाडलं. सहाला ओदेहचा गालिचा फिरला. साडेसहाला ड्रोन उडाला. दरी कोऱ्या कागदासारखी दिसली.

सव्वानऊला न्याहारीच्या चटईवर एक पेला तसाच उरला. यानेकेचा तंबू रिकामा होता. पाण्याची बाटली आतच होती.

हैथम धावत आला. "अबू मुत्लक!" चार वर्षांत पहिल्यांदा त्याने सुवैलिमला 'मुत्लकचा बाप' अशी, मुलाच्या नावाने, मानाने हाक मारली. "तुम्ही तर माग काढणारे! काढा ना माग!"

सुवैलिमच्या हातात अजून झाडू होता.

पोलीस साडेदहाला आले. उत्तरेच्या खडकांत तीन घळी आहेत. तिन्ही खोल, तिन्हींत वाटा फुटतात. सार्जंटने नकाशा पसरला.

"तिसरी," सुवैलिम म्हणाला. "उजवीकडची. डावा पाय जपणारं माणूस उजवीकडे ओढलं जातं. चार किलोमीटरमध्ये ती तिसरीलाच लागणार."

"पुरावा काय?"

"पुरावा मी झाडला."

सार्जंटने वहीत काही लिहिलं नाही. पहिल्या घळीपासून क्रमाने शोधायचं ठरलं. पहिलीत दुपार गेली, दुसरीत सूर्य कलला. यानेके सापडली नाही. अंधारात घळीत कुणी उतरायचं नाही, असा सार्जंटने हुकूम काढला. तिसरी सकाळी.

दिवसभरात दरी गाड्यांच्या चाकांनी आणि बुटांनी नांगरल्यासारखी झाली होती. हैथम तिच्याकडे बघत उभा होता.

"उद्या सातला अठराजण येतायत," तो म्हणाला. "त्यांना हे दिसता कामा नये. ओदेह, गालिचा फिरव. सुवैलिम, तंबूंकडचं तू कर."

"बाई बिनपाण्याची घळीत आहे," सुवैलिम म्हणाला.

"ते पोलिसांचं काम आहे. तुझं काम तुला माहीत आहे."

ओदेहने मान खाली घालून गालिचा फिरवला. रोजच्या टोमण्यातलं एक अक्षर त्याच्या तोंडून निघालं नाही. सूर्य बुडताना खडकांपर्यंतची वाळू पुन्हा गुळगुळीत झाली.

मग सुवैलिमने झाडू हैथमच्या खुर्चीला टेकवून ठेवला. पाण्याची पखाल खांद्याला अडकवली. चपला काढल्या.

"कुठे निघालास?" हैथम ओरडला. "वाळू आत्ताच साफ केलीय! कडेने जा निदान!"

सुवैलिम कडेने गेला नाही.

सकाळी साडेसहाला ड्रोन उडाला. साऱ्या कोऱ्या दरीच्या मधोमध अनवाणी पावलांची एकच ओळ होती, सरळ तिसऱ्या घळीच्या तोंडापर्यंत गेलेली. हैथमने ती पुसायला सांगितलं. ओदेह गाडीतून खाली उतरला आणि किल्ली त्याने वाळूत फेकली.

सार्जंटने पावलं वाकून पाहिली. उजव्या पायाला करंगळी नव्हती. आज त्याने पुरावा मागितला नाही. सात दहाला पथक त्याच ओळीच्या कडेकडेने, तिच्यावर पाय न देता निघालं.

साडेअकरापर्यंत ना यानेकेचं, ना सुवैलिमचं, ना पथकाचं, परतीचं एकही पाऊल वाळूत उमटलेलं नव्हतं.