दहापटीची दुर्बीण

भिगवणच्या काठावर पुतणीने काकांपुढे एकाच कंपनीच्या दोन महागड्या दुर्बिणी धरल्या. एक आठपटीची, एक दहापटीची. "कुठली घ्यायची ते बघून सांगा."

आठपटीतून फ्लेमिंगो झकास दिसला. दहापटीची लावली, तर तो थरथरायला लागला. काकांनी दुर्बीण चटकन खाली घेतली. वडिलांचा कंपवात हातांपासूनच सुरू झाला होता. आपलंही तसंच होणार या धास्तीने काका हल्ली चहासुद्धा अर्धाच कप घेत, सांडायला नको म्हणून.

"तू बघ बरं जरा," ते कसेबसे म्हणाले.

पुतणीने दुर्बीण डोळ्यांना लावली. "माझ्याही हातात हलतोय की! दहापटीत पक्षी मोठा दिसतो, तसा हाताचा हेलकावाही मोठा दिसतो. सगळ्यांचंच होतं हे, काका."

"मग आठपटीचीच घेऊ," म्हणत काकांनी थर्मास उघडला आणि पेला काठोकाठ भरून घेतला.