उसवलेला पोशाख

नाट्यगृहाबाहेर पुढच्या महिन्याच्या प्रयोगांचा फलक लागला. नृत्यनाटिकेच्या खाली माझंच नाव होतं, पण बाळंतपणानंतरच्या पहिल्याच तालमीला माझा पोशाख खुंटीवर नव्हता. कपडेपटात गेले, तर शिवणाऱ्या मावशी तोच उसवत बसलेल्या. मला पाहताच त्यांनी तो टेबलाखाली सारला.

"कुणाच्या मापाचा करताय?"

"तू तालमीला जा गं बाई, मला काम करू दे."

म्हणजे माझा पत्ता कट! माझ्या जागी कोण, एवढंच कळायचं राहिलं होतं. मी पोशाख हिसकावून घेतला. माप माझंच होतं. पाठीवरचे हूक तेवढे काढून पुढे लावले होते.

"पुरा झाल्यावर दाखवणार होते," मावशी पुटपुटल्या. "बाळाला पाजायला मध्यंतराची पंधरा मिनिटं पुरतील ना गं?"