हाकेचा उजेड

"तुमच्या हाकेला काहीच उजळलं नाही, काकू," तंत्रज्ञ तौसीफ म्हणाला.

काचेपलीकडे प्रमिलाताईंचे यजमान तीन आठवड्यांपासून बेशुद्ध होते. डोक्याभोवती हाक-स्कॅनचं कडं होतं; काचेअलीकडे माइक आणि मेंदूचं चित्र दाखवणारा पडदा होता.

"एक्स-रे झाला, एमआरआय झाला. आता हे कशाला?"

"एक्स-रेत हाडं दिसतात. एमआरआयचं चुंबक शरीरातल्या पाण्यावरून मऊ भाग दाखवतं. सगळं जागच्या जागी आहे. पण आतला माणूस जागा आहे का, ते ओळखीच्या हाकेवरच कळतं. ज्याच्या हाकेला मेंदू उजळेल, त्यानं रोज यायचं."

प्रमिलाताईंनी पुन्हा हळुवार हाक मारली, "अहो, ऐकताय ना?" पडदा काळाच राहिला.

मग यजमानांच्या नाट्यमंडळातल्या कुंदा पेठे पुढे झाल्या. मोगऱ्याच्या अत्तराचा घमघमाट प्रमिलाताईंच्या डोक्यात गेला. "भास्कर!"

पडद्यावर एक केशरी ठिपका लुकलुकला.

प्रमिलाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अडतीस वर्षं जे नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते हिनं खुशाल घेतलं आणि हे लगेच उजळले!

"अहो, लाज नाही वाटत?" त्या माइकमध्ये कडाडल्या. "घरची हाक ऐकू येत नाही, आणि हिची बरी ऐकू येते!"

अख्खा पडदा केशरी झाला. भास्कररावांचा अंगठा हलला.

"काकू, हाच आवाज!" तौसीफ ओरडला. "रोज अगदी असाच लागेल!"

प्रमिलाताईंचा राग अजून उतरला नव्हता. डोळे पुसून त्या कुंदाकडे वळल्या.

"उद्या दहाला या," त्या म्हणाल्या. "आणि हेच अत्तर लावून या."