पहिल्या पंगतीत

"ही कथा काढावी लागेल, उत्तराताई," सेक्रेटरी हर्षद म्हणाला. मुलुंडच्या त्या सोसायटीची गणपतीची स्मरणिका दोन दिवसांत छापायला जायची होती.

उत्तराच्या घरी सोफ्यावर तिघं बसली होती. हर्षद, सांस्कृतिक समितीच्या मृणालिनीताई आणि मधोमध चेअरमन बाळकाका, कपाळावर अजून ओलं गंध. उत्तराला या इमारतीत राहायला येऊन वर्ष होत होतं. शाळेत मराठी शिकवते, लिहिते म्हणून कथा त्यांनीच मागून घेतली होती.

"का काढायची?"

"महाप्रसादाच्या पंगतीतून झाडूवाल्या बाईला उठवतात, असं आहे त्यात. स्मरणिका बाहेर जाते. लोक काय म्हणतील आपल्या सोसायटीला?"

"गोष्ट जोगेश्वरीच्या चाळीतली आहे. तीही मनानं रचलेली. कुणाचं नावसुद्धा नाही त्यात."

बाळकाका पुढे सरकले. "चाळ कुठलीही लिही गं. पण निदान खरं तरी लिही. तू लिहिलंयस, दंडाला धरून उठवलं, पुढ्यातलं पान ओढलं. साफ खोटं. हात कोण लावेल तिला? लांबूनच सांगितलं, तू जिन्याखाली बस, पान तिथं पाठवतो. आणि तिच्या पोरीला केळं दिलं होतं."



"कुणाला, काका?" उत्तरानं विचारलं.

हर्षद मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला, "काका, जाऊ दे ना."

"जाऊ दे काय? चोरी केलीय का आपण? दोन वर्षं झाली त्याला. सोवळ्यातला स्वयंपाक होता. त्या जानकीला कळायला नको? पहिल्याच पंगतीत, मुलीला घेऊन, सगळ्यांच्या मधोमध बसली. बाप्पाला सगळे सारखे, हे मीच दरवर्षी भाषणात सांगतो. पण शास्त्र काही मी केलेलं नाही."

जानकी. रोज सकाळी कचऱ्याचा डबा न्यायला येणारी. कथेतल्या बाईसाठी उत्तरानं रात्रंदिवस शब्द शोधले होते. दारातल्या बाईशी मात्र वर्षभरात 'डबा बाहेर ठेवलाय' यापलीकडे ती बोलली नव्हती.

"काका, हे लिहिताना मला वाटत होतं, आपण जरा अतीच करतोय. आजच्या काळात असं कोण वागतं? म्हणून दोन वाक्यं खोडली होती मी. ती आता परत घालते. जिना घालते. केळंही घालते."

"घाल की. छापणार कोण?" बाळकाका उठले. "हर्षद, त्या पानावर अथर्वशीर्ष टाक. जागा बरोब्बर भरेल."

हर्षद त्यांच्यामागून लिफ्टकडे गेला. मृणालिनीताई दारात चपला घालत रेंगाळल्या.

"मग बसली का जानकी जिन्याखाली?" उत्तरानं विचारलं.

"नाही. केळं कठड्यावर ठेवलं आणि मुलीला घेऊन गेली." त्या खाली बघत होत्या. "दुसऱ्या दिवशी सातला कामावर हजर. सगळ्यांची उष्टी पानं तिनंच उचलली."

"आणि तेव्हा कुणीच काही बोललं नाही?"

मृणालिनीताईंनी चपलेचा पट्टा ओढला. तो लागेना. पुन्हा ओढला.

"त्या पंगतीला भात मी वाढत होते," त्या म्हणाल्या.